एच. एम.ची गोष्ट आणि एच. एम.चा पेपर

नेट-सेटची तयारी करताना हे वाक्य तुम्ही कधी ना कधी वहीत उतरवून घेतलं असेल: एच. एम. नावाच्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस काढला, त्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहीना, म्हणून हिप्पोकॅम्पस हे स्मृतीचं केंद्र. मीही उतरवलं होतं. एमएस्सीला त्यावर मार्क मिळाले. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र पॅनेलवरच्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "मूळ पेपरात रुग्ण किती होते?" मी म्हणाले, "एक." त्यांनी मान हलवली, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. बरोबर उत्तर होतं दहा.

चूक एवढ्यावरच थांबली असती तर हा लेख लिहिला नसता. त्यानंतर दोनेक वर्षांनी एका रात्री मावशीचा फोन आला. माझ्या मावसभावाला सातवीत असल्यापासून फिट येतात. तीन औषधं झाली होती, चौथं चालू होतं, आणि डॉक्टरांनी आता टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनच्या दृष्टीने तपासण्या करून घ्या असं सुचवलं होतं. मावशीने विचारलं, "तू मेंदूचंच शिकतेस ना गं? त्याची स्मरणशक्ती जाईल का?" माझं काम उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर. माणसांच्या सर्जरीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण विचारलंय म्हटल्यावर गप्प बसवेना. मी तिला एच. एम.ची गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्यांनी ऑपरेशन तर सोडाच, तपासण्याही केल्या नाहीत. जवळजवळ दीड वर्ष. त्या दीड वर्षात तो एकदा विहिरीच्या काठावर पडला आणि एकदा गॅसच्या शेगडीजवळ. हाताला भाजल्याची खूण अजून आहे.

पेपर मी त्यानंतर वाचला. म्हणून आज तो तुमच्यासमोर उघडून ठेवते. कौतुकही करणार आहे आणि तक्रारही. मूळ पेपर अकरा पानांचा आहे, इंग्रजी अवघड नाही, एका संध्याकाळी होतो. माझा लेख वाचून तो वाचायचा टाळलात तर माझ्याच वाटेने जाल, हे आधीच सांगून ठेवते.

पेपर कुठून आला

१९५७ साली 'जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी अँड सायकिअ‍ॅट्री'मध्ये तो छापून आला. लेखक दोन. विल्यम स्कोव्हिल हे अमेरिकेतल्या हार्टफर्डचे न्यूरोसर्जन, आणि ब्रेंडा मिलनर या कॅनडातल्या माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्यासोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ.

माँट्रियलमध्ये अपस्माराच्या रुग्णांचा टेम्पोरल लोब काढण्याच्या शस्त्रक्रिया नेहमीच्या झाल्या होत्या. मेंदूला दोन टेम्पोरल लोब असतात, कानाच्या आतल्या अंगाला, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. काढायचा तो एकाच बाजूचा, आणि तोही जिथून फिट सुरू होते तेवढाच भाग. बहुतेक रुग्णांची स्मृती त्यानंतर कामापुरती शाबूत राहायची. पण दोन रुग्ण असे निघाले की एकच बाजू काढूनही त्यांना नवीन काही लक्षात राहीना. पेनफिल्ड आणि मिलनर यांनी तर्क केला: यांची दुसरी बाजू आधीपासूनच खराब असणार. आपण चालती बाजू काढली, मागे उरली ती निकामी. १९५५ मध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडलं. त्याचा सारांश वाचून स्कोव्हिल यांनी पेनफिल्डना कळवलं की असंच काहीतरी मीही पाहिलं आहे. फरक एवढाच होता की स्कोव्हिल यांनी मुद्दाम दोन्ही बाजू काढल्या होत्या. मिलनर सामान घेऊन हार्टफर्डला गेल्या.

हा मागचा धागा क्रमिक पुस्तकात नसतो. तिथे एच. एम. आकाशातून पडल्यासारखा येतो. खरं तर मिलनर एक विशिष्ट प्रश्न आणि एक अर्धवट गृहीतक घेऊनच त्याच्यासमोर बसल्या होत्या. शोध 'योगायोगाने' लागला असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच थोडा राग येतो. योगायोग हा की ऑपरेशन झालं होतं. प्रश्न कुणीतरी आधीपासून विचारत होतं.

आता रुग्ण. एच. एम. म्हणजे हेन्री मोलेसन. नाव जगाला कळलं ते २००८ मध्ये तो वारल्यावर. दहाव्या वर्षापासून छोट्या आकड्या, सोळाव्या वर्षापासून मोठ्या. मोटर वाइंडिंगचं काम करायचा, पण सत्ताविसाव्या वर्षापर्यंत औषधांचे भरपूर डोस घेऊनही कामावर जाणं अशक्य झालं. १९५३ मध्ये स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. ईईजीमध्ये फिट एका ठरावीक जागेतून सुरू होते असं काहीच दिसलं नव्हतं. तरीही ऑपरेशन झालं, आणि ते प्रायोगिक होतं असं पेपरात उघड लिहिलेलं आहे. हे वाचताना मी पेन खाली ठेवलं होतं.

आकड्या बऱ्याच कमी झाल्या. पण दवाखान्यातली माणसं तो ओळखेना, बाथरूमचा रस्ता सापडेना. मिलनर यांनी एप्रिल १९५५ मध्ये तपासलं तेव्हा त्याने तारीख सांगितली मार्च १९५३ आणि वय सत्तावीस. खोलीत येण्याच्या जरासंच आधी तो एका डॉक्टरांशी बोलत बसला होता. ते त्याला आठवत नव्हतं. घरच्यांनी त्याच रस्त्यावर थोडं पुढे नवीन घर घेतलं होतं, दहा महिने होऊन गेले होते, पण पत्ता तो जुनाच सांगायचा. बुद्ध्यंक मात्र ११२ भरला, ऑपरेशनच्या आधी होता त्यापेक्षा आठने जास्त. आणि स्मृतीच्या चाचणीत, जिथे सर्वसाधारण माणसाला शंभरच्या आसपास गुण मिळतात, तिथे ६७.

बुद्धी शाबूत आणि स्मृती गेलेली, या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे या पेपरातला एक हिरा आहे. तोवर स्मृती ही सगळ्या मेंदूवर पसरलेली असते, तिची वेगळी जागा नसते, असं मानणारे बरेच होते. कार्ल लॅशली यांनी उंदरांचे मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी कापून तोच निष्कर्ष काढला होता. इथे एका माणसात स्मृती एकटीच बाजूला निघून आली.

गोष्टीतून गळालेले नऊ जण

पण एका माणसावरून कारण सिद्ध होत नाही. का नाही, हे संशोधनाकडे वळणाऱ्याला झोपेतही सांगता यायला हवं. एच. एम.ची स्मृती औषधांनी गेली असेल. वर्षानुवर्षांच्या आकड्यांनी गेली असेल. कवटी उघडण्यानेच गेली असेल. काढलेल्या चार-पाच भागांपैकी भलत्याच भागामुळे गेली असेल. यातलं काय, हे एकटा एच. एम. सांगू शकत नाही.

ते सांगतात बाकीचे नऊ. मिलनर यांनी स्कोव्हिल यांचेच आणखी रुग्ण तपासले. त्यांतल्या आठ जणांना अपस्मार नव्हताच; ते गंभीर मनोरुग्ण होते, बहुतेक स्किझोफ्रेनियाचे, आणि त्यांच्यावरही दोन्ही बाजूंची, कमी-जास्त खोलीची, तशीच शस्त्रक्रिया झाली होती. आणि एक रुग्ण एकाच बाजूचा, पण त्या बाजूचा हिप्पोकॅम्पस जवळजवळ सगळा काढलेला.

आता हे दहा जण एका ओळीत उभे करा आणि बघा तक्ता कसा बोलू लागतो. ज्यांची शस्त्रक्रिया मागे हिप्पोकॅम्पसपर्यंत गेली त्या सगळ्यांच्या स्मृतीला धक्का बसला: तिघांना जबर, पाच जणांना मध्यम. अपस्मार नसलेल्यांनाही बसला, म्हणजे आकड्यांना आणि आकडीच्या औषधांना दोष देता येत नाही. ज्या एका रुग्णाचे फक्त पुढचे भाग, म्हणजे अंकस आणि अमिग्डाला, दोन्ही बाजूंनी काढले होते, त्याच्या स्मृतीला काही झालं नाही. म्हणजे नुसती कवटी उघडणं हे कारण नाही, आणि एकटा अमिग्डालाही नाही. आणि ज्याची एकच बाजू काढली, त्याच्या स्मृतीवर कायमचा परिणाम नाही. म्हणजे एक बाजू दोघींचं काम निभावून नेते.

युक्तिवादाचा सगळा भार या तक्त्यावर आहे. एच. एम. त्याचा सगळ्यात ठळक बिंदू, पण आलेख दहा बिंदूंचा. क्रमिक पुस्तकांनी काय केलं? एक बिंदू ठेवला आणि नऊ पुसले. एच. एम.ची गोष्ट छान आहे, तरुण आहे, दुःखी आहे, शेवटपर्यंत सौजन्याने वागलेला आहे. स्किझोफ्रेनियाच्या वॉर्डातली माणसं गोष्टीत बसत नाहीत. त्यात एक सत्तेचाळीस वर्षांचे डॉक्टर होते. त्यांचीही स्मृती तशीच गेली. त्यांच्यावर धडा कुठेच नाही.

आणि पुसलेल्या नऊ जणांबरोबर नेमकी तीच गोष्ट पुसली गेली जी मावशीला हवी होती: एका बाजूचा रुग्ण. पेपराच्या सारांशातच ती आहे. मी फोनवर सांगितली त्या गोष्टीत नव्हती.

आता तक्रारी

पहिली तक्रार शीर्षकाबद्दल. शीर्षकात 'हिप्पोकॅम्पसच्या दोन्ही बाजूंच्या इजेनंतर' असा अर्थ आहे. पण लेखकच शेवटी कबूल करतात की हिप्पोकॅम्पस एकटा कधीच काढलेला नाही. प्रत्येक वेळी सोबत अंकस आणि अमिग्डाला गेले आहेत, आणि अमिग्डालाचा यात वाटा आहे की नाही हे या माहितीवरून ठरत नाही. शिवाय हिप्पोकॅम्पसला लागून असलेलं कॉर्टेक्स, ज्याला ते हिप्पोकॅम्पल गायरस म्हणतात, तेही गेलं. निष्कर्षात ते 'दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही मिळून' अशी सावध भाषा वापरतात. निष्कर्ष सावध आणि शीर्षक बिनधास्त. जग शीर्षकं वाचतं.

याची किंमत लहान नव्हती. नंतर माकडांवर प्रयोग सुरू झाले, नुसत्या हिप्पोकॅम्पसच्या इजेने एच. एम.सारखं चित्र मिळेना, आणि गोंधळ वाढला. १९७८ मध्ये मॉर्टिमर मिशकिन यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला दोन्ही काढले तर माकडाची स्मृती जबर बिघडते. मग दोष अमिग्डालाचा? तर १९८९ मध्ये स्टुअर्ट झोला-मॉर्गन, लॅरी स्क्वायर आणि डेव्हिड अमराल यांनी आजूबाजूचं कॉर्टेक्स न दुखावता फक्त अमिग्डाला खराब केला, आणि स्मृतीला फरक पडला नाही. अमिग्डालापर्यंत पोचताना सर्जनच्या हातून जे कॉर्टेक्स कापलं जात होतं, गफलत तिथे होती. याच तिघांनी १९८६ मध्ये एका वेगळ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासून दाखवलं होतं की हिप्पोकॅम्पसचा सीए१ नावाचा एक पट्टा दोन्ही बाजूंनी गेला तरी स्मृती बिघडते, पण एच. एम.इतकी नाही. म्हणजे हिप्पोकॅम्पस महत्त्वाचा आहेच, एच. एम.मध्ये त्याच्यासोबत शेजारही गेला म्हणून नुकसान एवढं मोठं. हे उलगडायला तीस वर्षं लागली, आणि प्रश्न १९५७ च्या सारांशातल्या शेवटच्या ओळींमध्ये पडलेला होता.

दुसरी तक्रार मोजमापाची. काढलेला भाग किती, हे पेपरात सर्जनच्या अंदाजावरून आहे. एच. एम.च्या बाबतीत टोकापासून आठ सेंटिमीटर. तेव्हा एमआरआय नव्हता, मान्य. पण अंदाज आणि मोजमाप यांत फरक असतो, आणि तक्त्यातला 'जितकं जास्त काढलं तितकी स्मृती जास्त गेली' हा संबंध याच अंदाजांवर उभा आहे. १९९२ आणि १९९३ मध्ये एच. एम.चे एमआरआय झाले. सुझन कॉर्किन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते छापले. काढलेला भाग पाचेक सेंटिमीटर निघाला. हिप्पोकॅम्पसचा मागचा तुकडा, आकसलेला का होईना, जागेवर होता. मृत्यूनंतर २००९ मध्ये याकोपो अ‍ॅनेसे यांच्या गटाने त्याच्या मेंदूचे २,४०१ काप केले, त्रेपन्न तास सलग, आणि लोक ते इंटरनेटवर थेट बघत होते. (उंदराच्या वाटाण्याएवढ्या मेंदूचे काप करताना माझा घाम निघतो, त्यामुळे या माणसांना माझा साष्टांग नमस्कार.) २०१४ मध्ये निकाल आला: हिप्पोकॅम्पसचा बराच मागचा भाग शिल्लक, एन्टोरायनल कॉर्टेक्स, म्हणजे हिप्पोकॅम्पसमध्ये माहिती आणणारा दरवाजा, जवळजवळ सगळा गेलेला, आणि डाव्या फ्रंटल लोबमध्ये एक छोटी जखम जिचा कुणी उल्लेखच केला नव्हता.

म्हणजे ज्या माणसाला आपण 'हिप्पोकॅम्पस नसलेला माणूस' म्हणून ओळखतो, त्याचा हिप्पोकॅम्पस अर्धवट शिल्लक होता. जर्नल क्लबमध्ये मी हे सांगितलं तेव्हा एक ज्युनिअर म्हणाला, "मग सगळंच खोटं?" नाही. दहा जणांचा तुलनेचा ढाचा अजूनही उभा आहे. दोन्ही बाजू गेल्या की नवीन आठवणी जातात, एक गेली तर बहुधा निभावतं, अंकस-अमिग्डाला पुरेसे नाहीत: यातलं काहीही मागे घ्यावं लागलेलं नाही. बदललं ते एवढंच की नेमकी कोणती पेशीवस्ती, हा प्रश्न जास्त बारीक झाला. चांगला पेपर अंदाजांच्या चुका पचवतो, कारण त्याची मांडणी एका आकड्यावर टांगलेली नसते.

तिसरी तक्रार आठ रुग्णांबद्दल. अपस्मार नसलेली माणसं घेतली हे तर्काच्या दृष्टीने उत्तम, पण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची स्मृतीचाचणी वाचायची कशी? तो उत्तर देत नाही तेव्हा आठवत नाही म्हणून देत नाही की लक्षच नाही म्हणून? मिलनर यांनी निरीक्षणं काळजीपूर्वक नोंदवली आहेत, पण ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या सारख्या चाचण्या समोरासमोर ठेवता येतील अशी सोय नाही. मध्यम गटातल्या पाच जणांवर मी म्हणून फार भार टाकणार नाही. तिघांच्या गटावर टाकेन.

आणि चौथी, जिला तक्रार म्हणावं की नाही कळत नाही. ही सगळी माणसं लोबोटॉमीच्या काळातली आहेत. १९४९ मध्ये एगास मोनिझ यांना लोबोटॉमीबद्दल नोबेल मिळालं होतं. मनोरुग्णाच्या मेंदूवर असा प्रयोग करण्यात बहुतेकांना वावगं वाटत नव्हतं. त्या आठ जणांची संमती कुणी आणि कशी घेतली, याबद्दल पेपरात ओळ नाही. तेव्हाचे पेपर असेच असत, हे खरं. पण आज तुमचा प्रस्ताव एथिक्स कमिटीकडून तिसऱ्यांदा परत आला आणि तुम्ही वैतागलात, तर हा तक्ता एकदा काढून बघा. प्रत्येक आद्याक्षर एक माणूस आहे. मी स्वतः असं केलंय, वैताग लगेच गेला असं नाही, पण फॉर्म नीट भरला.

अजून एक गोष्ट पेपरात नाही, पण तो दोष नव्हे. १९६२ मध्ये मिलनर यांनी दाखवलं की एच. एम. आरशात बघून तारा गिरवायला तीन दिवसांत शिकला, दररोज हात सुधारत गेला, आणि दररोज म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. म्हणजे स्मृती एक नाही, अनेक आहेत. माझ्या मते १९५७ पेक्षा हे निरीक्षण मोठं आहे. पण त्यावर स्वतंत्र लेख हवा.

मावशीला काय सांगायला हवं होतं

अपस्माराच्या शस्त्रक्रियेवरून मेंदूचं कार्य शिकण्याची एक मूळची अडचण आहे, ती आधी सांगते. ज्या मेंदूत वर्षानुवर्षं आकड्या येत आहेत तो मेंदू तुमच्या-माझ्यासारखा राहिलेला नसतो. कधी भाषा दुसऱ्या बाजूला सरकलेली असते, कधी एक हिप्पोकॅम्पस आधीच सुकलेला असतो. म्हणून अशा रुग्णावरून 'सर्वसाधारण मेंदू असा चालतो' हे म्हणताना जपून. पण हीच अडचण रुग्णाच्या बाजूने बघितली तर दिलासा असते: जो हिप्पोकॅम्पस सुकून गेलेला आहे तो काढल्याने गमावण्यासारखं कमी असतं.

माँट्रियलच्या त्या दोन रुग्णांपैकी एकाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला गेला. पेनफिल्ड आणि मॅथिसन यांनी १९७४ मध्ये ते छापलं. न कापलेल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस खरोखरच आकसलेला होता. तर्क बरोबर ठरला. पण त्याची वाट न बघता माँट्रियलने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एक तपासणी वापरायला घेतली होती: जुन वाडा यांनी भाषेची बाजू ओळखण्यासाठी काढलेली युक्ती, ज्यात मेंदूची एक बाजू औषधाने काही मिनिटं झोपवतात. ती बाजू झोपलेली असताना उरलेली बाजू आठवण धरू शकते का, ते बघायचं. नाही धरू शकली तर ऑपरेशनचा पुनर्विचार. म्हणजे एच. एम.सारखं पुन्हा होऊ नये यासाठीची यंत्रणा त्याच लोकांनी, त्याच पेपरांमधून उभी केली. आज बऱ्याच ठिकाणी एमआरआय, व्हिडिओ-ईईजी आणि स्मृती-भाषेच्या सविस्तर चाचण्यांवर काम भागतं. मावशीला डॉक्टरांनी ज्या तपासण्या सांगितल्या होत्या त्या याच. मी तिला ज्याची भीती घातली, तेच टाळण्यासाठीच्या तपासण्या माझ्या भीतीमुळे राहिल्या.

आणि आकडे. २००१ मध्ये सॅम्युएल वीब आणि सहकाऱ्यांनी कॅनडात ऐंशी रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले: चाळीस शस्त्रक्रियेला, चाळीस औषधांवर. वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या आकड्या पूर्ण थांबलेले ५८ टक्के विरुद्ध ८ टक्के. औषधांच्या गटातला एक जण वर्षभरात दगावला. आपल्याकडचं बघायचं तर २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सने मुलांवर अशीच चाचणी छापली, ११६ मुलं: एक वर्षानंतर ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. भारतातला हा अभ्यास तुमच्या वाचनयादीत नसेल तर आजच घाला.

म्हणून शस्त्रक्रिया निर्धोक आहे का? नाही, आणि उलट्या बाजूने गोष्ट रंगवणं हीसुद्धा तीच चूक. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की डाव्या टेम्पोरल शस्त्रक्रियेनंतर शब्दांच्या स्मृतीत घट होण्याचं प्रमाण ४४ टक्के, उजव्या बाजूला २० टक्के. वस्तूचं नाव पटकन न आठवणं हेही डाव्या बाजूला साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये दिसतं. ही घट एच. एम.सारखी नसते, पण शिक्षकाला, वकिलाला ती जाणवते. 'स्मरणशक्ती जाईल का' याचं प्रामाणिक उत्तर 'कोणती बाजू, तिकडचा हिप्पोकॅम्पस कसा आहे, आणि दुसरा किती धड आहे' असं तीन प्रश्नांचं आहे. आणि ते उत्तर देणारी मी नव्हेच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी फोन केला नाही, गावी गेले. मावशीसमोर कागदावर दोन टेम्पोरल लोब काढले, एकावर फुली मारली, आणि सांगितलं की मागच्या वेळी मी दोन्हींवर फुली मारलेल्या माणसाबद्दल बोलले होते. मावशी म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?" काका उठून बाहेर गेले.

तपासण्या झाल्या, मग ऑपरेशन. बाजू डावी होती. आता अकरा महिने झाले, फिट आलेली नाही, गोळ्या चालू आहेत. तो एकटा एसटीने कराडला जाऊन येतो. नावं अडतात. परवा फोनवर "ते फोडणीत टाकतात ना, हिरवं, पानं असतात" असं म्हणत थांबला. मला शब्द माहीत होता, पण पुरवला की तो चिडतो. मी थांबले. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच आठवलं, कढीपत्ता, आणि मग तो जे सांगत होता ते पुढे सांगू लागला.